माया ठेवू नये

१. सहा कॉस्च्यूम, पाच मुली

सकाळी नऊच्या आत लवू धुरी मास्टरांच्या दुकानावर दोनच प्रकारची माणसं येत. ज्यांच्या घरी लग्न आहे आणि ब्लाऊज शिवून झालेला नाही, ती एक. ज्यांच्या घरी लग्न आहे, ब्लाऊजही झालेला आहे, पण नवरीच्या अंगात जात नाही, ती दुसरी. त्यामुळे १९८५ च्या ऑक्टोबरातल्या त्या रविवारी धोंडिराम धापा टाकत फळीपाशी उभा राहिला, तेव्हा मास्टरांनी मान वर न करता विचारलं, "कोणाचं लग्न?"

"लग्न नाय, मास्टर. वाट लागली. सरांनी बोलावलंय. मशीन घेऊन."

धोंडिराम हा उड्डाण जिम्नॅस्टिक्स केंद्राचा शिपाई, पहारेकरी आणि पिण्याच्या नळाच्या कुलपाची किल्ली सांभाळणारा. नळाला कुलूप कशासाठी, असं मास्टरांनी त्याला एकदा विचारलं होतं. "पाण्यानं वजन वाढतं म्हणे," धोंडिराम म्हणाला होता, आणि दोघांनी त्यावर मान हलवली होती. शिकलेली माणसं काय काय शोधून काढतील याचा नेम नाही.

हातमशीन डोक्यावर घेऊन धोंडिराम पुढे, कात्री आणि टेप घेऊन मास्टर मागे, अशी वरात निघाली. केंद्र म्हणजे मुलुंड पश्चिमेला, खिंडीपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याचं गोदाम. आता तिथे राज्य विजेत्या तयार होत. दारावर पाटी होती, 'पालकांनी संध्याकाळी सहानंतर आत येऊ नये', आणि तिच्या शेजारी काचेच्या चौकटीत वर्तमानपत्रांची कात्रणं. कात्रणं पाहून पालक पाटी मान्य करत.

चंद्रप्रकाश सर टेबलापाशी उभे होते. "मी मुलींवर हात उचलत नाही," हे सर पहिल्या भेटीत सांगत आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगत. आवाजही उचलत नसत. शर्टाची इस्त्री दिवसभर मोडत नसे, कारण ते सहसा बसत नसत. पालकांना ते देवासारखे वाटत आणि देवासारखंच त्यांना कोणी उलट विचारत नसे.

टेबलावर सहा कॉस्च्यूम पडले होते. गडद निळे, खांद्यावरून केशरी पट्टी. चारच दिवसांपूर्वी मास्टरांनी ते शिवून दिले होते. आता सहाही दोन्ही कुशींत उघडे पडले होते, चिरून साफ केलेल्या बांगडा-मासळीसारखे.

भिंतीला पाठ लावून पाच मुली उभ्या होत्या. वयं अकरापासून चौदापर्यंत, पण बघणाऱ्याला सगळ्या नऊच्याच वाटाव्यात.

"आज तीनला अंधेरीत राष्ट्रीय स्पर्धेची निवड चाचणी आहे," सर शांतपणे म्हणाले. "एकला मॅटॅडोर गाडी निघेल. तोवर पाच शिवून द्या. सहावा नको. मीरा खरातचं नाव मी यादीतून काढलंय. काल संध्याकाळी तिने हे फाडले आणि पळून गेली."

मास्टरांचा हात पिशवीतच राहिला. मीरा त्यांच्या दुकानामागच्या चाळीतली. तेरा वर्षांची. येता-जाता बाहुल्यांसाठी चिंध्या मागायची, आणि मिळाल्या की "थँक्यू, लवूआजा" म्हणायची. जी पोर चिंधीसुद्धा विचारून घेते ती सहा कॉस्च्यूम न विचारता फाडेल, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

"पळून खंय गेली?"

"स्टेशनवर माणूस पाठवलाय. बारापर्यंत पत्ता लागला नाही तर मी पोलिसांत तक्रार देणार. केंद्राच्या नुकसानीची."

एवढ्यात दारात चंपा खरात आली. मीराची आई. हातात डबा, अंगावर ठेवणीतली साडी, मुलीच्या चाचणीसाठी नेसलेली.

"सर, मीराचा डबा आणलाय. भात घातला नाही, फक्त पोळी आहे. रात्रीचं शिबिर उठलं ना?"

"कसलं शिबिर?" सरांनी विचारलं.

डब्याचं झाकण घट्टच होतं. तरी चंपा ते दाबत राहिली.

"काल रात्री ती इथेच होती ना, सर?"

२. फाडलेलं आणि उसवलेलं

चंपाचा हिशेब सरळ होता. गेल्या साली चाचणीच्या आदल्या रात्री पोरी केंद्रातच झोपल्या होत्या. यंदा मीरा घरी आली नाही, म्हणजे यंदाही तसंच असणार.

"साडेआठला गेटापर्यंत आले होते मी," ती म्हणाली. "पण सहानंतर आत यायचं नाही ना. कुलूप होतं, लाईट बंद. म्हटलं झोपल्या असतील पोरी, कशाला हाका मारा. सर रागवायचे तिला."

"आणि सहदेव?" मास्टरांनी मीराच्या बापाची चौकशी केली.

"त्यांची रात्रपाळी. त्यांना अजून माहीतच नाही." ती वळली. "मी स्टेशनवर जाते."

"थांब गे," मास्टर म्हणाले. "खंय धावतलंस? आधी कळू दे ती इथून बाहेर पडली कधी. मगे तिच्यामागून जाऊ."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "मास्टर, तुम्हाला शिवायला बोलावलंय."

"शिवतोच आहे. पण काय शिवायचं ते बघू तर द्या."

लवू मास्टर वीस वर्षं गिरणीत होते, आणि घरी येऊन मशीनवर बसत. गिरणी संपात गेली तशी मशीनच पूर्णवेळ झाली. गिरणीने जाताना त्यांना दोन गोष्टी दिल्या, खोकला आणि धागा वाचणारे डोळे. त्यांनी एक कॉस्च्यूम उजेडात धरला, मग दुसरा.

"सर, हे फाडलेलं नाही. उसवलंय."

"फरक काय पडतो?"

"फाडणारा रागाने फाडतो. उसवणाऱ्याला काहीतरी काम असतं. ही बघा केशरी पट्टी, हिला धक्का नाही. छाती, पाठ जशीच्या तशी. राग असता तर आधी पट्टी गेली असती, ती डोळ्यांत भरते. इथे फक्त कुशीची शिवण गेलीय, बगलेपासून कमरेपर्यंत. अर्ध्या ब्लेडने. बायका घरी उसवतात तशी."

"कुशीचीच का?" चंपाने विचारलं.

मास्टर बोलता बोलता थांबले, कारण उत्तर त्यांना माहीत होतं आणि ते त्यांच्याच हातचं होतं.

शिंपी कापड कापताना शिवणीच्या आत बोटभर जादा कापड सोडतो. अंग भरलं, पोर वाढली, की तेवढं सोडून कपडा सैल करता येतो. त्या जादा कापडाला माया म्हणतात. कुशीत माया असते. कोणीही बाई कपडा सैल करायला बसली की आधी कूसच उसवते.

आणि या सहा कॉस्च्यूममध्ये माया नव्हती. सरांनी मुलींना मापाला पाठवलंच नव्हतं, चिठ्ठी पाठवली होती. प्रत्येकीची उंची, छाती, कंबर, सीट. खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं : 'माया ठेवू नये.' मास्टरांनी विचारलं होतं, "सर, पोरींचं वाढतं अंग आहे." सर हसून म्हणाले होते, "मुलींच्या मापाने कपडे नाही, मास्टर. कपड्यांच्या मापाने मुली."

मास्टरांना ते वाक्य तेव्हा इतकं आवडलं होतं की त्यांनी दोन गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं.

त्यांनी पिशवीतली मापाची वही काढली. गेल्या साली मीराचा कॉस्च्यूम उंचीला कमी होता. यंदा तीन इंचांनी जास्त. कमरेला यंदा इंचभर कमी. पोर वर वाढत होती आणि आत जात होती. सहाही जणींचं तसंच. हे आकडे मास्टरांनी स्वतःच्या हाताने वहीत उतरवले होते. 'व्यायाम' असं मनाशी म्हणून त्यांनी कात्री चालवली होती. त्यांनी वही मिटली.

"म्हणजे कोणीतरी माया शोधत होतं," ते हळू म्हणाले.

त्यांनी सहाही कॉस्च्यूम ओळीने मांडले. पाचांच्या शिवणी घाईने ओरबाडल्या होत्या. दोऱ्याचे तुकडे लोंबत होते, दोन ठिकाणी ब्लेड कापडात घुसलं होतं. सहावा मात्र वेगळा. एकेक टाका हलक्या हाताने सोडवलेला, दोऱ्याचे तुकडे वेचून काढलेले, कापडाला ओरखडा नाही. हा सगळ्यात आधी उसवला होता, आणि तो पुन्हा शिवायचा होता.

मास्टरांनी आतली पट्टी उलटून नाव वाचलं. ते मीराचं नव्हतं.

३. लाल शाईतलं एक अक्षर

तो कॉस्च्यूम त्यांनी गुपचूप गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. भिंतीपाशी पाच पोरी उभ्या होत्या आणि पाचही जणींचे डोळे त्यांच्या हातांवर होते.

"हजेरीचं पुस्तक बघू," ते म्हणाले. "कोण कधी गेलं ते तरी कळेल."

पुस्तक अनुपमाकडे असे. अनुपमा सरांची मदतनीस. एकवीस वर्षांची. बाहेरच्या चौकटीतल्या चार कात्रणांत तिचा फोटो होता, हवेत उलटी झालेली, पाय आभाळाकडे. आता ती डावा पाय किंचित ओढत चालायची.

पुस्तकात जायची वेळ लिहीत नव्हते. नुसता 'ह', हजर. पण काही 'ह' शेजारी लाल शाईत आणखी एक अक्षर होतं : 'उ'. भिंतीपाशी उभ्या राधाच्या नावापुढे दोन, दुसऱ्या एकीपुढे पाच. मीरापुढे या महिन्यात अकरा. अकरावा कालचा.

"हा उ कसला?"

अनुपमाने सरांकडे पाहिलं.

"उशीर," सर म्हणाले.

"मीराला नि उशीर?" धोंडिराम बोलून गेला. "ती तर मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर बसलेली असते." सरांनी त्याच्याकडे फक्त पाहिलं, तशी त्याला नळ आठवला आणि तो नळाकडे गेला.

"उशीर नाही तो," चंपा म्हणाली. एवढ्या काळजीतही तिच्या आवाजात कसलासा ताठा आला. "उत्तमचा उ आहे. शाळेत बाई प्रगतिपुस्तकावर लिहितात तसा. गेल्या महिन्यात मी सही करायला आले होते, तेव्हा मोजले. सगळ्यांत जास्त मीराचे. घरी येऊन चाळीत पेढे वाटले मी. तुम्हालाही दिला होता, मास्टर."

दिला होता. मास्टरांनी दोन घेतले होते.

सर खिडकीकडे पाहत होते. चंपाला कोणी काही सांगितलं नाही. सगळ्या हॉलमध्ये तो अर्थ तिच्या एकटीपाशीच होता आणि तो तिच्याकडून काढून घ्यायला कोणाचा हात होईना.

उशीर नाही, उत्तम नाही. आकसत गेलेल्या कमरा मास्टरांच्या डोक्यातून जात नव्हत्या. त्यांनी चंपाला बाजूला घेतलं. "उपास करते काय गे ती?"

"आमच्यात उपास नाहीत, मास्टर. धम्मदीक्षा घेतली तेव्हाच सासूबाईंनी सगळे सोडले. संकष्टी नाही, सोमवार नाही." ती थांबली. "पण हल्ली घरी जेवायला बसत नाही. उभ्याउभ्याच खाते दोन घास. मी म्हणते, बस की गं. तर म्हणते, सवय राहिली पाहिजे."

मास्टरांना यातलं काहीतरी बोचलं, पण काय ते हाती लागेना.

धोंडिरामचं म्हणणं असं : अनुपमा साडेसहाला गेली. सातला जिम्नॅस्टिक्स संघटनेचा कोणी माणूस स्कूटरवरून आला, सर त्याच्या मागे बसून गेले. मग धोंडिराम अर्धा तास चहाला गेला, गेटाला नुसती कडी घालून. आठला येऊन सगळ्या खोल्यांना कुलपं घातली.

"कुलपं घालताना आत बघितलंस?"

"आत काय बघायचं? रोजच्याच खोल्या."

"सर गेले तेव्हा मीरा होती?"

"हॉलात नव्हती बाबा."

राहिली अनुपमा. ती नळापाशी तांब्या भरत होती. मास्टर पाणी प्यायचं निमित्त करून गेले.

"पोरी, उ म्हणजे काय?"

"माझ्या नावापुढेही असायचे." ती तांब्याकडेच पाहत होती. "माझ्या वेळी सर कडक होते. तीन-तीन तास. आता खूप मवाळ झालेत, मास्टर. खरंच. हल्ली तासाभरात सोडतात."

"कशातून सोडतात?"

तिने तोंड उघडलं.

"अनुपमा," सरांचा आवाज आला, नेहमीसारखा मऊ. तांब्या तिथेच राहिला, आणि ती वाक्य अर्धं टाकून निघून गेली.

४. पाऊण इंच

हॉलच्या कडेला बाकावर विमलाबाई बसल्या होत्या. राधाची आई. केंद्राने त्यांना पालक प्रतिनिधी नेमलं होतं, म्हणजे रोज दुपारी त्या सगळ्या मुलींचे डबे उघडून पाहत. कोणाच्या डब्यात शिरा, कोणाच्या बटाटा, हे सरांना कळवत. स्वतःच्या मुलीचा डबा त्या सगळ्यांसमोर आधी उघडत, म्हणजे कोणी नावं ठेवायला नको. बाई अत्यंत निःपक्षपाती.

मास्टर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मांडीवर तो तळाचा कॉस्च्यूम. राधाचा.

विमलाबाई मास्टरांच्या जुन्या गिऱ्हाईक. मुलुंडात शंभर बायका ब्लाऊज टाकायला येत, पण दर वेळी फळीवर टिचकी मारून "मास्टर, माया सोडा हं, दीड बोट, विसराल" असं बजावणारी एकच होती. ही पोरींची कामं नव्हती. त्या पोरींना चार इंचांच्या लाकडावर कोलांटी मारता येत होती, पण शिवणीत माया असते हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ज्या बाईचा कोणत्याही कपड्यात माया असणारच असा विश्वास होता, तिनेच ती शोधली होती. आणि आधी शोधली होती ती स्वतःच्या लेकीच्या कपड्यात.

मास्टर या बाईला चोर म्हणू शकले असते. पण त्यांनी शिंप्याचाच प्रश्न विचारला.

"वहिनी, किती कमी पडत होतं?"

विमलाबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पाऊण इंच," त्या म्हणाल्या.

मग सगळं आलं, पण एकदम हळू आवाजात, ओठ फारसे न हलवता, कारण सर समोर होते. राधाला गेल्या महिन्यात पाळी सुरू झाली. सरांना सांगितलं नाही. एकदा अंग भरायला लागलं की सरांच्या लेखी ती मुलगी संपली. परवा कॉस्च्यूम घालून बघितला, तर कमरेवर चढेना. चाचणीला सगळ्यांसमोर चढला नसता.

"साडेसातला आले. धोंडिराम नव्हता. कपडे बदलायच्या खोलीत लावलेले होते सगळे. राधाचा उसवला, तर आत माया नाही, मास्टर. तुम्ही सोडली नाही." यात तक्रार होती, आणि मास्टरांनी ती मुकाट्याने घेतली. "मग मीराचा बघितला. म्हटलं, तिच्यात असेल तर पट्टीभर काढून राधाच्यात घालीन. त्यातही नाही. कोणाच्यातच नाही. मग माझ्या लक्षात आलं, सकाळी राधाचाच तेवढा वेगळा दिसणार. म्हणून सगळेच…"

"आणि सरांनी मीराचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही गप्प राहिलात."

"मला वाटलं, ती आपोआप येईल. आली की सर रागावतील आणि विसरतील. पोरं पळत नाहीत का कधी?" त्यांनी पदर पुन्हा बोटाला गुंडाळला. "तिने मला पाहिलं होतं. मी असं ओठांवर बोट ठेवलं. तिने मान हलवली. चांगली मुलगी आहे हो. राधाची मैत्रीण आहे. राधाचं नाव जाईल असं ती कधी बोलली नसती."

"तिने पाहिलं? कुठून?"

"समोरच्या गाद्यांच्या खोलीतून. दार उघडं होतं. ती तिथे…"

विमलाबाई थांबल्या. स्वतःचेच शब्द त्या पहिल्यांदा ऐकत असाव्यात.

"ती तिथे उभी होती," त्या म्हणाल्या.

५. उभी

लवू मास्टर उठले. टेप मांडीवरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. लाल शाईतलं ते अक्षर आता सरळ वाचता येत होतं. उभ्याउभ्या खाणारी पोर. सवय राहिली पाहिजे.

"सर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज गिरणीतल्यासारखा मोठा आला, "काल मीराला बस म्हणून कोणी सांगितलं?"

सरांना प्रश्न कळला नाही. तो कळायला त्यांना दोन-तीन श्वास लागले, आणि त्या दोन-तीन श्वासांत मास्टरांनी त्यांचा चेहरा पाहिला. त्यात कपट नव्हतं, काही दडवलेलंही नव्हतं. ते चक्क विसरले होते.

अनुपमाने पुस्तक टेबलावर ठेवलं. "उ म्हणजे उभी," ती म्हणाली. सरांकडे न पाहता ती पहिल्यांदाच बोलत होती. "गाद्यांच्या खोलीत सरावाचं बुटकं लाकूड आहे, चार इंच रुंद. त्यावर टाचा जुळवून उभं राहायचं. सर बस म्हणेपर्यंत. मध्ये बोललं, हाक मारली, की दुसऱ्या दिवशी पुन्हा. काल तिचं वजन दोनशे ग्रॅम जास्त भरलं. मी निघाले तेव्हा सर म्हणाले, तू जा, मी बघतो."

"संघटनेचा माणूस यादी घेऊन आला," सर म्हणाले. "मला लगेच निघावं लागलं. ती उतरून गेलीच असेल. एवढा वेळ कोणी…"

सांगितल्याशिवाय कोणी उतरत नाही, हे अकरा वर्षं त्यांनीच शिकवलं होतं.

"रात्री तुम्हाला आठवलं नाही?" मास्टरांनी विचारलं.

"आज चाचणी आहे," सर म्हणाले. हेच उत्तर होतं.

धोंडिराम आधीच धावला होता. आज सराव नव्हता, गाद्या कोणाला लागल्या नव्हत्या. रोजच्याच खोलीचं रोजचंच कुलूप रात्री आठपासून तसंच होतं, आणि त्याच्या हातातल्या जुडग्यातली किल्ली त्याला सापडेना. चंपा दारावर मुठी मारत होती. सकाळपासून ती या दाराच्या वीस पावलांवर उभी होती. आतल्या पोरीने आईचा आवाज ऐकला होता, डब्यात भात नाही हे ऐकलं होतं, आणि हूं की चूं केलं नव्हतं.

किल्ली फिरली. आत काहीतरी धडपडलं.

दार उघडलं तेव्हा मीरा त्या लाकडावर चढत होती. खाली गादीवर निजल्याचा खळगा होता. भिंतीला हात टेकून तिने एक पाय वर घेतला, मग दुसरा, टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली. ओठ फुटले होते. कोपऱ्यातली फरशी ओली होती. तिकडे कोणी पाहिलं नाही.

"सर, मी उतरले नव्हते," ती म्हणाली.

मग तिची नजर मागे विमलाबाईंकडे गेली. "मी कोणाला काही बोलले नाही, काकू."

"मी उसवले ते कॉस्च्यूम," विमलाबाई म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी ते पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. सकाळपासून ज्या गुन्ह्याचा तपास चालला होता तो असा उघड झाला, आणि ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

"बघितलंत?" सर हळूच अनुपमाला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय मुलगी आहे."

हे त्यांनी मनापासून, कौतुकाने म्हटलं. लवू मास्टरांनी चार दशकांत माणसांचे बरेच नमुने पाहिले होते. संपात स्वतःच्या भावाला पोलिसांच्या हवाली करणारा एक पाहिला होता. पण त्या कौतुकाने त्यांच्या पाठीवर काटा आला तसा कधी आला नव्हता.

चंपा लाकडापाशी गेली. "बस, बाळा. बस आता."

मीरा बसली नाही. तिने आईकडे पाहिलं, आणि आईच्या खांद्यावरून सरांकडे.

"सर," मास्टर म्हणाले, "सांगा तिला."

"हो. हो, अर्थात." सरांनी घड्याळ पाहिलं. तिच्या घोट्यांकडे पाहिलं, थरथरत होते तरी जुळलेले होते. "मीरा, नाव मी परत घालतो यादीत. अजून वेळ आहे. मास्टर, सहाच्या सहा होतील ना एकपर्यंत?"

मास्टरांनी मशीनवर झाकण घातलं आणि दोन्ही कड्या लावल्या.

"नाय होणार," ते म्हणाले. "माझ्याकडून तर नायच."

पाच मुली भिंत सोडून कधी दारापाशी आल्या होत्या ते कळलं नव्हतं. राधा सगळ्यांत पुढे होती. तिने मीराकडे पाहिलं, मग उसवलेल्या कॉस्च्यूमांकडे, मग आईकडे. आणि ती खाली बसली. फरशीवर, दाराच्या मधोमध, मांडी घालून.

"राधा," सर म्हणाले.

राधा बसून राहिली. तिच्या शेजारची बसली. मग तिसरी, मग उरलेल्या दोघी एकदम. आवाज काही झाला नाही. अनुपमा शेवटी बसली. तिचा डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून भिंतीला हात लावून, एका कुशीवर, बायका घराच्या उंबऱ्यात बसतात तशी.

मीरा सगळ्यांच्या डोक्यांवरून बघत होती. हॉलमध्ये उभे राहिलेले फक्त मोठे होते, आणि ती.

"तू पण ये," राधा म्हणाली.

मीरा लाकडावरून उतरली. पण पंधरा तासांनी पाय दुमडेनात. ती तशीच ताठ उभी राहिली, बसायचं कसं ते विसरल्यासारखी. चंपा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने आधी एक पाय धरून हळूहळू दुमडला. मग दुसरा.